बोंबलाचं पोट आणि डोलीचा धंदा

उत्तर कोकणातल्या मासेमारीचा इतिहास बहुधा तीन अंगांनी सांगितला जातो: कोळीवाड्यांची घडण, भरती-ओहोटीचा जोर आणि मुंबईची वाढती भूक. तिन्ही अंगं खरी आहेत. पण ज्या माशाच्या जिवावर अर्नाळा, उत्तन, वेसावे, सातपाटी इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तो बोंबील स्वतः काय खातो, कोणत्या दिवसांत काय खातो आणि वाढत्या वयात त्याचं खाणं कसं बदलतं, या प्रश्नाकडे इतिहासकार वळत नाही. तो मत्स्यशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवला जातो, आणि मत्स्यशास्त्रज्ञ त्याचं उत्तर टक्केवारीच्या तक्त्यांत मांडून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की डोल जाळ्याचा धंदा कुठे रुजला, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत चालला, त्यातलं काय वाळवलं गेलं आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत तो का डळमळला, हे चारही प्रश्न शेवटी बोंबलाच्या पोटाशी येऊन ठेपतात. बोंबलाचा धंदा म्हणतात तो एका माशाचा धंदा कधीच नव्हता. खाणारा आणि खाल्ला जाणारा या दोघांना एकाच जाळ्यात धरण्याचा तो धंदा होता.

आधी मासा पाहू. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगा आणि तिच्या शाखांमधल्या माशांवरचा ग्रंथ काढला, त्यात या माशाची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा आली. म्हणजे मुंबईच्या नावाने जगभर ओळखला जाणारा मासा शास्त्राच्या दप्तरात शिरला तो बंगालच्या बाजूने. हा योगायोग पुढे कामाला येणार आहे. बोंबलाचे जवळचे भाऊबंद खोल समुद्रात राहतात आणि त्या खोल पाण्याची लक्षणं त्याच्याही अंगावर आहेत: मऊ हाडं, बारीक डोळे, वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असलेलं मांस, आणि डोळ्यांच्या कितीतरी मागे फाटत गेलेलं तोंड. त्या तोंडातले दात सुईसारखे बारीक, आत वळलेले आणि आतल्या बाजूला झुकणारे आहेत. भक्ष्य आत जाताना दात वाट देतात, बाहेर येताना अडवतात. पाणी गाळून वनस्पती-प्लवंग खाणाऱ्या माशाचं तोंड असं नसतं. याच दातांचा दुसरा उपयोग कोळीवाड्याने फार पूर्वी ओळखला. बोंबील वाळत घालताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर टाकतात. ना गाठ, ना तार, ना खिळा. वाऱ्याने दोरी हलली तरी जोडी सहसा सुटत नाही, कारण भक्ष्य निसटू नये म्हणून घडलेले दात मेल्यावर एकमेकांना धरून राहतात. किनाऱ्यावरची ही सगळ्यांत ओळखीची रीत एका शिकारी माशाच्या जबड्यावर टांगलेली आहे.

पोटात काय सापडतं याची पद्धतशीर नोंद आपल्याकडे उशिरा सुरू झाली. बापट, बॅनर्जी आणि बाळ यांचा बोंबलाच्या जीवनक्रमावरचा लेख 1951 चा, आणि केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने बापट यांची बोंबलावरची स्वतंत्र पुस्तिका काढली ती 1970 ची. त्यानंतर मुंबई आणि सौराष्ट्र या दोन्ही किनाऱ्यांवर पुन्हा पुन्हा पोटं तपासली गेली. तपशिलात फरक आहेत, पण मुख्य चित्र पक्कं आहे. बोंबील पूर्णपणे मांसाहारी. त्याचा आधार म्हणजे जवळा, ज्याला मुंबईकडच्या कोळीवाड्यांत कोलीमही म्हणतात: दोन-तीन सेंटिमीटरचा, अर्धपारदर्शक, थव्याने फिरणारा. त्याच्या जोडीला करंदी, अंबाड अशा लहान कोळंब्या, मांदेली, कॉड माशाच्या दूरच्या नात्यातला एक बोटभर मासा, इतर माशांची पिल्लं आणि खुद्द बोंबलाची पिल्लं. वितीच्या आतला बोंबील जवळजवळ जवळ्यावरच जगतो, कारण त्याच्या तोंडात दुसरं फारसं मावत नाही. तो वाढतो तशी आधी मोठी कोळंबी आणि मग मासे त्याच्या आवाक्यात येतात, आणि पूर्ण वाढलेला बोंबील आपल्याच जातीची पिल्लं सहज गिळतो. हंगामाचा परिणाम या चढत्या क्रमावर वरून पडतो. पावसाळ्यानंतर जवळ्याचे थवे किनाऱ्यालगत दाटले की लहान-मोठ्या सगळ्याच बोंबलांची पोटं जवळ्याने भरतात. थवे विरळ झाले की लहान्यांची पंचाईत होते आणि मोठ्यांच्या पोटात मासळीचा वाटा वाढतो. मोठ्या माशाला दुसरी सोय असते, लहान्याला नसते. पुढचा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे, म्हणून तो इथेच ठळकपणे नोंदवतो.

या पुराव्यावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला मोजण्याच्या पद्धतीचा. समजा, एका पोटात एक मांदेली आणि तीस जवळे आहेत. नग मोजले तर हा मासा जवळाखाऊ ठरतो, वजन केलं तर मांदेलीखाऊ. त्यात जवळ्याचं कवच पचायला वेळ लागतो आणि त्याचे काळे डोळे तर शेवटपर्यंत टिकतात; लहान माशाचं मऊ मांस लवकर विरघळतं. म्हणून एकाच तक्त्यावर विसंबून बोंबलाच्या आहाराची टक्केवारी छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहावं. दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. डोलीत मासा तासन्‌तास अडकून असतो आणि त्याच्याभोवती जवळा, करंदी, मांदेली दाटलेली असतात. मग पोटातला जवळा त्याने मोकळ्या पाण्यात खाल्ला की जाळ्यातच, नाइलाजाने? शंका रास्त आहे, आणि काही पोटांबाबत ती खरीही असणार. पण जाळ्यात गिळलेलं भक्ष्य अखंड आणि ताजं असतं. अर्धवट पचलेलं भक्ष्य आधीचं असतं, आणि तपासणाऱ्यांना दोन्ही मिळत आली आहेत. शिवाय बोंबलाची पुष्कळ पोटं रिकामी निघतात. जाळ्यात सापडेल ते हावरटासारखं गिळणं हीच त्याची रीत असती, तर जाळ्याच्या शेपटाकडच्या, जवळ्याने खच्चून भरलेल्या खोल्यातून रिकाम्या पोटाचे इतके मासे निघाले नसते. टक्केवारीचा नेमकेपणा गेला तरी आकारानुसार बदलणारा आहार हा निष्कर्ष टिकतो, कारण तो तोंडाच्या मापावर उभा आहे आणि तोंड मोजायला कुणाला पोट फाडावं लागत नाही.

आता जाळ्याकडे. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं प्रचंड पिशवीजाळं. त्याचं तोंड प्रवाहाला सामोरं ठेवून ते समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना बांधायचं आणि पाण्याला काम करू द्यायचं. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, इतकी मोठी की हात आरपार जावा. मागे मागे ती बारीक होत जाते आणि शेपटाकडच्या खोल्यात जवळासुद्धा अडकतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, तेव्हा डोलीचं काम चालतं; भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं आणि जाळीही विसावतात. खुंटांच्या जागा, म्हणजे कवी, घराण्यांच्या आणि गावांच्या हक्काच्या. त्यांवरून पूर्वीपासून आजपर्यंत भांडणं झाली आहेत. या जाळ्याचं एक वैशिष्ट्य नीट पाहण्यासारखं आहे. ते माशामागे जात नाही आणि निवडतही नाही. पाणी जे घेऊन येईल ते सगळं त्यात येतं. नुसता बोंबील हवा असता तर खोल्याची आस इतकी बारीक ठेवायचं कारण नव्हतं; बारीक आसेने पाण्याचा रेटा वाढतो, जाळं लवकर फाटतं, दुरुस्तीचं काम वाढतं. तरीही ती बारीकच ठेवली गेली, कारण डोलकराला जवळाही हवा होता. शिवाय जिथे जवळा दाट तिथे बोंबील येणार, ही गोष्ट त्याला कुठल्या अहवालात वाचावी लागली नाही. घरी बोंबील साफ करायला बसलेल्या बाईच्या विळीखाली ती रोज दिसत होती.

यावर कुणी म्हणेल की हे उलटं झालं. डोल उत्तर कोकणात रुजली ती भरतीमुळे. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, खंबायतच्या आखातात तो दुपटीच्याही वर जातो, आणि मालवण-गोव्याकडे मात्र दोन-सव्वादोन मीटरवर येतो. जिथे पाण्याला ओढ नाही तिथे बांधलेलं पिशवीजाळं काय कामाचं? तेव्हा मासा काय खातो हा मुद्दा गौण आहे. आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करतो, दुसरा नाही. तीच ओढ, नर्मदा-तापी आणि कोकणातल्या नद्यांनी आणलेला तोच गाळ आणि तोच उथळ, रुंद समुद्रतळ यांनी जवळ्यालाही पोसलं आहे. गढूळ पाण्यातला सेंद्रिय कचरा आणि प्लवंग खाऊनच तो वाढतो. भरतीने जाळं शक्य केलं हे खरं. पण त्या जाळ्यात रोज काहीतरी पडेल याची हमी जवळ्याने आणि त्याच्यामागे आलेल्या बोंबलाने दिली. नुसती ओढ पुरेशी असती तर भरतीचा जोर असलेल्या प्रत्येक खाडीमुखाशी याच तोलाचा धंदा उभा राहिला असता.

हे पडताळून पाहायला देशाचा दुसरा किनारा आहे, आणि इथेच हॅमिल्टनचा योगायोग उपयोगी पडतो. बोंबील पश्चिम किनाऱ्यावर गुजरातपासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंत भरपूर मिळतो, पुढे दक्षिणेकडे तो विरळ होत जातो, केरळात नावापुरता उरतो आणि पूर्व किनाऱ्यावर आंध्रच्या उत्तर भागापासून ओडिशा-बंगालकडे पुन्हा वाढत जातो. मधल्या या खंडाचं कोडं सुंदरलाल होरा यांनी 1934 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलाच्या भटकंतीवर लिहून चर्चेला आणलं. ते पुरतं सुटलं असं नाही, पण दोन टोकांतलं साम्य डोळ्यांत भरणारं आहे. गंगेच्या मुखाशी मोठी भरती, गढूळ पाणी, लहान कोळंबीचे थवे. तिथे हाच मासा बंगाली माणूस लोटे किंवा लोइट्टा म्हणून खातो. त्याला धरायला प्रवाहात बांधलेलं बेहुंदी नावाचं पिशवीजाळं आहे. आणि तोच मासा तिथेही दोऱ्यांवर टांगून उन्हात वाळवतात. वेसाव्याचा कोळी आणि सुंदरबनाचा जेले यांनी एकमेकांची नक्कल केली याला काही आधार नाही. सारखं पाणी, सारखी शिकार आणि सारखा शिकारी असल्यावर माणसंही सारख्याच उपायांशी पोहोचली, असं मानणं जास्त सरळ.

दक्षिण कोकणाशी तुलना केली की मुद्दा आणखी उघडतो. मालवण-वेंगुर्ल्याची आणि गोव्याची जुनी मासेमारी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, आणि रापणीचे मुख्य मासे बांगडा आणि तारली. हे दोघंही प्लवंगावर जगणारे, थव्याने किनाऱ्याला भिडणारे. तारलीचं पोट तर भारतातल्या मत्स्यशास्त्राच्या आरंभापाशीच उघडलं गेलं. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात जेम्स हॉर्नेल होते. 1923 मध्ये त्यांनी आणि नायडू यांनी तारलीच्या जीवनक्रमावर आणि मलबारच्या प्लवंगावर एकत्र लिहिलं. कारण व्यवहारी होतं. तारलीचं तेल आणि खत हा मोठा धंदा होता आणि तारली काही वर्षं येई, काही वर्षं येतच नसे. पावसाळ्यात समुद्र ढवळून वर आलेल्या पोषकद्रव्यांवर डायॅटम हे सूक्ष्म वनस्पती-प्लवंग माजतात, तारली त्यांवर चरून चरबी धरते, असा संबंध हळूहळू स्पष्ट झाला. 1955 मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी तर डायॅटमची एक विशिष्ट जात तारलीच्या सुकाळाची खूण म्हणून पुढे केली. तारलीचंही खाणं आकाराप्रमाणे बदलतं, पण उलट्या दिशेने: पिल्लं सूक्ष्म प्राण्यांवर जास्त, मोठी तारली वनस्पती-प्लवंगावर जास्त. म्हणजे तारली वाढते तशी अन्नसाखळीत खाली उतरते, बोंबील वाढतो तसा वर चढतो. म्हणूनच दक्षिणेच्या मासेमारीत एखादं वर्ष सोन्याचं आणि एखादं रिकामं जातं, तर उत्तरेची डोल वर्षानुवर्षं थोडंथोडं देत राहिली. डायॅटम माजले-ओसरले की त्यावर चरणारा मासा त्यांच्याबरोबर वरखाली होतो. चार प्रकारचं भक्ष्य पकडू शकणारा शिकारी इतका चटकन कोलमडत नाही. दोन कोकणांच्या स्वभावांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात या कारणाचाही विचार व्हायला हरकत नव्हती.

मग उत्तरेकडच्या पोटांची तपासणी इतक्या उशिरा का झाली? एक कारण सरकारी दप्तराच्या रचनेत आहे. इंग्रजी अमलात मासेमारीकडे लक्ष गेलं ते बऱ्याच अंशी मिठाच्या वाटेने. मिठावर कर होता, मासे खारवायला सवलतीचं मीठ देणारी सरकारी आवारं होती, आणि मुंबई इलाख्याच्या समुद्री मासेमारीवर 1933 चा सविस्तर अहवाल लिहिणारे सोर्ले हे मीठ-महसुलाचेच अधिकारी होते. पण बोंबील आणि जवळा यांना मीठ लागत नाही. ऊन आणि वारा पुरतो. परिणामी या किनाऱ्याचं सगळ्यांत मोठं सुकं उत्पादन मिठाच्या हिशेबात उमटलंच नाही. गॅझेटियर आणि अहवाल वाचून जो इतिहास लिहिला जातो त्यात खारवलेल्या माशांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त जागा मिळते, वाळवलेल्यांना कमी.

वाळवण्याच्या रिवाजात मात्र अन्नसाखळी जशीच्या तशी दिसते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, पण हवेत ओल असेपर्यंत बोंबील ओलाच विकावा लागतो, कारण इतक्या पाणीदार माशाला दमट हवेत वाळायच्या आत वास सुटतो. पोट भरलेला मासा तर आणखी लवकर फुटतो: पचनरस मेल्यावरही काम करत राहतात आणि पोटातला जवळा माशाला आतून कुजवत नेतो. पाऊस उघडला की मांडव भरू लागतात. दोऱ्यांवर बोंबील, खाली अंगणात किंवा वाळूत अंथरलेल्या जाळ्यावर जवळा, शेजारी मांदेली आणि करंदी. शिकारी वर टांगलेला, त्याचं भक्ष्य खाली पसरलेलं, आणि दोन्ही उलटवणारी बाई एकच. बाजारातही ही जोडी तुटत नाही. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात किंवा देशावरच्या आठवडी बाजारात सुक्या बोंबलाची काडी घेणारं गिऱ्हाईक शेजारच्या पाटीतला जवळाही मापाने घेतं. पावसाळ्याच्या बेगमीत दोघांनाही जागा असते. बोंबील मंदावलेल्या दिवसांत जवळा घर चालवायचा, म्हणजे लहान बोंबलाच्या तोंडचा घासच डोलकराच्या घराचाही आधार होता. यात विरोध आहे, आणि तो जुन्या काळात झाकला गेला तो केवळ प्रमाणामुळे: सुती किंवा तागाची जाळी, शिडाच्या होड्या, उधाणापुरतं काम आणि पावसाळ्यातली सक्तीची विश्रांती.

हे प्रमाण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडलं. होड्यांना इंजिनं बसली, नायलॉनची जाळी आली, डोली अधिक खोल पाण्यात लागू लागल्या आणि पुढे बर्फ घेऊन काही दिवस बाहेर राहून मासेमारी होऊ लागली. दुसऱ्या बाजूने ट्रॉलर आले, तेही कोळंबीच्या मागे. किनाऱ्याजवळ सांडपाणी वाढलं, खाड्या भरावाखाली गेल्या. या सगळ्यात बोंबील घटला असेल तर त्याचा त्याच्या आहाराशी काय संबंध, सरळ जास्त पकडला गेला म्हणून घटला, असं म्हणणारे बरेच आहेत. अतिमासेमारी झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कशाची झाली हे विचारायला हवं. बोंबलाची संख्या दोन दारांनी कमी होते. एक दार मोठा बोंबील पकडण्याचं. दुसरं दार असं की लहान बोंबील आणि जवळा एकाच खोल्यात येतात: पिल्लंही जातात आणि वाचलेल्या पिल्लांचं अन्नही जातं. मोठ्या माशाला मांदेली, करंदी किंवा कुणाचीही पिल्लं चालतात. लहान्याला जवळ्यावाचून चालत नाही. जवळ्याचा काही भाग आता माणसाच्या ताटात न जाता कोंबड्यांच्या खाद्यात आणि खतात जातो, त्यामुळे पूर्वी किमतीअभावी जी पकड थांबली असती तिलाही गिऱ्हाईक मिळतं. शिवाय जवळा विरळ झाला की मोठे बोंबील स्वतःच्या पिल्लांकडे अधिक वळण्याचा संभव असतो. जाळ्याने केलेली घट माशाच्या भुकेने वाढते, आणि पकडीच्या आकड्यांत हा भाग कुठेच वेगळा दिसत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी घेतो. बोंबील संधिसाधू आहे. समोर येईल ते खातो. मग त्याचं पोट पाण्यात काय होतं एवढंच सांगतं. ते कारण नसून नुसता आरसा आहे, आणि आरशावरून इतिहास कसा लिहायचा? माझं उत्तर असं की मोठ्या बोंबलापुरतं हे खरं आहे, आणि तिथे पोट हे पाण्याचा नमुना घेणारं फुकटचं साधन ठरतं, जे 1951 च्या आधीच्या काळासाठी आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पण लहान बोंबील संधिसाधू नाही. त्याच्या तोंडाचं माप त्याला निवड करू देत नाही. ज्याला पर्याय नाही त्याचं अन्न हेच त्याच्या जगण्या-मरण्याचं कारण, आणि धंद्याला पुढच्या हंगामात मिळणारा प्रत्येक मासा या अवस्थेतून गेलेला असतो. म्हणून डोलीच्या भरभराटीचा आणि घसरणीचा हिशेब मांडताना मोठ्या माशाच्या वजनापेक्षा वितीच्या आतल्या माशाचा जवळा जास्त बोलका आहे.

आजचे नियम मात्र प्रत्येक मासा सुटा धरतात. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर पावसाळी बंदीच्या तारखा ठरत-बदलत गेल्या आणि आता ती 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची असते. 2023 मध्ये राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार जाहीर केला. नियमामागचा हेतू योग्य आहे, पण डोलीपुरता तो अडखळतो. जे जाळं पाण्याला वाट देत एकाच जागी उभं राहतं ते वितीचा बोंबील सोडून हातभर बोंबील ठेवू शकत नाही, आणि बोटभर बोंबील सुटेल अशी आस केली तर जवळा आधी सुटतो. डोलकर या कारणाने कुरकुर करतो तेव्हा ती नुसती हट्टाची कुरकुर नसते. तो आपल्या घराच्या निम्म्या उत्पन्नाबद्दल बोलत असतो. वाट असेलच तर ती आकाराच्या नियमापेक्षा महिन्यांच्या नियमात आहे: बोंबलाची पिल्लं किनाऱ्याजवळ दाट असतात ते दिवस आणि जवळ्याचे थवे येतात ते दिवस शेजारी शेजारी मांडायचे, आणि ज्या उधाणांना हे दोन्ही एकत्र पडतात तेवढ्यांपुरत्या, ज्या भागांत पडतात तेवढ्याच भागातल्या कवी मोकळ्या ठेवायच्या. अशा वेळापत्रकासाठी पोटांची, पिल्लांची आणि थव्यांची महिनेवार नोंद लागते. तिचा बराचसा पाया बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांपासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे, आणि उधाण कधी याची माहिती तर कुठल्याही कोळीवाड्यात तिथीवरून तोंडपाठ असते.